रबर बुलेट, छर्रे आणि अश्रुधुराची नळकांडी: लागलं तर काय होतं? सारखे विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबर आला की नागपुरात अधिवेशन, आणि अधिवेशन आलं की मोर्चे. यशवंत स्टेडियमवरून निघायचं, पुढे मॉरिस कॉलेज टी पॉइंट नाहीतर टेकडी रोडला पोलिस अडवणार, मग तिथेच रस्त्यावर सतरंजी, भाषणं, पोहे, उन्हात डुलक्या. माझी आत्या अंगणवाडी सेविका होती, तिच्यासोबत जाता जाता मी फर्स्ट एडची पिशवी सांभाळायला लागलो आणि ती पिशवी काही सुटलीच नाही. ९९ टक्के वेळा तिच्यातून ओआरएस आणि डोकेदुखीची गोळीच निघते. पण लोक विचारतात ते वेगळंच. मी डॉक्टर नाही, बहीण नर्स आहे, तिने हे सगळं वाचून माझ्या चुका काढल्यात. तरी हे वाचून घरी उपचार करत बसू नका.

रबर बुलेट म्हणजे खोडरबरसारखी काहीतरी असते ना?

टपरीवर एक पोट्टा म्हणाला होता, "अबे रबरच तर आहे, कायले भेतं?" सगळा घोळ या नावातच आहे. रबर बुलेट हे एका वस्तूचं नाव नाहीच, त्या नावाखाली डझनभर वस्तू येतात. काही पूर्ण कडक रबराच्या, काही प्लास्टिकच्या, काही फोमचं टोक असलेल्या, काही कापडी पिशवीत बारीक छर्रे भरलेल्या, आणि काही तर आत सरळ पोलादी गोळी आणि वर रबराचा पातळ थर, म्हणजे गुलाबजामच्या आत दगड. २०१९ मध्ये चिलीत आंदोलन पेटलं तेव्हा लोकांच्या डोळ्यांत गेलेले "रबरी" छर्रे तिथल्या विद्यापीठाने तपासले तर रबर निघालं जेमतेम २० टक्के, बाकी सिलिका, बेरियम सल्फेट आणि शिसं. त्यामुळे रबर हा शब्द ऐकून निवांत होऊ नका.

लागली तर काळानिळा डाग पडेल, अजून काय होणार?

बऱ्याच जणांना तेवढंच होतं, हे खरं आहे. पण हिशोब करून बघा. जामठ्याच्या मैदानावर कोणी ताशी १४० किलोमीटरने बॉल टाकला तर त्या १६० ग्रॅमच्या बॉलमध्ये साधारण १२० ज्यूल ऊर्जा असते, आणि तो हेल्मेट न घालता तोंडावर घ्यायची कोणाची हिंमत नाही. ब्रिटिशांनी १९७० मध्ये उत्तर आयर्लंडमध्ये ज्या पहिल्या रबर बुलेट आणल्या त्या जवळपास १५० ग्रॅमच्या होत्या. सेकंदाला ६० मीटर वेग धरला तर २७० ज्यूल होतात, म्हणजे त्या बॉलच्या दुपटीहून जास्त. आणि समोर पॅड घातलेला बॅट्समन नसतो, चपला घालून आलेली बाई असते.

तिथल्याच बेलफास्टमधल्या डॉक्टरांनी १९७५ मध्ये ९० पेशंटची माहिती छापली होती. एकाचा मृत्यू, १७ जणांना कायमचं व्यंग, आठ डोळे फुटलेले आणि ते आठही गेले. पुढे रबराऐवजी प्लास्टिक आलं, पण दोन्ही मिळून त्या एवढ्याशा प्रदेशात १७ माणसं मेली, त्यात लहान मुलंही होती.

एकूण किती लोकांना असं होतं, काही आकडा आहे का?

२०१७ मध्ये बीएमजे ओपन या मेडिकल जर्नलमध्ये जगभरातले आधीचे अभ्यास एकत्र करून एक पेपर आला. त्यात १९८४ जखमी होते (हे साल नाही, माणसं मोजलीत). त्यातले ५३ मेले आणि ३०० जणांना कायमचं अपंगत्व आलं. मेलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना मार डोक्याला नाहीतर मानेला होता आणि कायमच्या अपंगत्वात तर ८० टक्क्यांच्या वर डोकं-मान. आता यात एक गोम आहे, हे सगळे दवाखान्यात पोचलेले लोक. ज्याला मांडीवर डाग पडला आणि जो घरी जाऊन झोपला तो यात मोजलाच गेला नाही, म्हणून "लागलेल्या शंभरातले तीन मरतात" असं व्हॉट्सॲपवर फिरवू नका.

लांबून मारली तर काही होत नाही ना?

हा प्रश्न उलटा पण विचारला पाहिजे. जवळून मारली तर वेग जास्त, हाड मोडतं, कवटीला तडा जातो, कातडी फाडून आत पण घुसते. लांबून मारली तर वेग कमी होतो पण नेम पण जातो, कारण ही वस्तू साध्या गोळीसारखी सरळ जात नाही, हवेत कोलांट्या खाते. मांडीवर धरलेली बरगडीला लागते, नाहीतर शेजारच्या माणसाच्या तोंडावर. म्हणजे जवळून शक्तीचा धोका आणि लांबून नशिबाचा. मधलं "सेफ" अंतर कागदावर असतं, धावत्या गर्दीत कोण टेप घेऊन मोजतंय!

जमिनीवर टप्पा देऊन मारायची पद्धत होती, उत्तर आयर्लंडमध्ये सुरुवातीला असंच ठरलं होतं. पण टप्पा पडलेला बॉल कुठे वळेल हे बॉलरला तरी कुठे माहीत असतं.

पण नियम पायावर मारायचाच आहे ना?

संयुक्त राष्ट्रांचं २०२० चं मार्गदर्शन आहे, त्यात असं आहे की हे फक्त जो माणूस प्रत्यक्ष हिंसा करतोय आणि कोणाला इजा करायच्या बेतात आहे त्याच्यावरच, आणि तेही पोटाच्या खालच्या भागावर किंवा पायावर. डोकं, चेहरा, मान नाही. एका बारात अनेक गोळ्या सुटतात त्या प्रकाराला नाही, आणि धातूवर रबर चढवलेल्या गोळ्या टाळाव्या. आपल्याकडे बेकायदा जमाव पांगवायचा अधिकार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १४८ व्या कलमात आहे, आधी पांगायचा हुकूम द्यायचा, नाही ऐकलं तर बळ. माझं मत विचाराल तर नियम बरा आहे, पण आठ तास उभा असलेला, चार दगड खाल्लेला, हात थरथरणारा शिपाई आणि पळणारी गर्दी, यात गुडघा आणि गाल यातला फरक राहत नाही.

डोळ्याला लागलं तर काय होतं? (हाच प्रश्न सगळ्यात जास्त येतो)

याचं उत्तर लांब आहे कारण हे मी स्वतः भोगलंय, रबर बुलेटने नाही, कॉर्क बॉलने. कॉलेजात असताना स्लिपमध्ये उभा होतो, बॉल बोटांतून सुटून सरळ उजव्या डोळ्यावर. पाच मिनिटं काहीच दिसेना, मग धुकं, मग ठीक वाटलं. रूमवर येऊन आरशात पाहिलं तर बुबुळाच्या खालच्या भागात लाल रेघ, ग्लासात सरबत तळाला बसतं ना तसं, आणि मान तिरपी केली की ती रेघ पण हळूहळू तिरपी व्हायची. मला मजा वाटली. खाली मेडिकल स्टोअरवाल्याने "लाली आहे" म्हणून ड्रॉप दिला, दुखायला गोळी दिली. चौथ्या दिवशी सकाळी उठलो तर अर्धा डोळा लाल आणि कपाळ फुटल्यासारखं दुखणं.

डोळ्याच्या डॉक्टरांनी जे झापलं ते आजही आठवतं. तो डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात झालेला रक्तस्राव होता. पहिल्या काही दिवसांत परत रक्त यायची भीती असते आणि दुसरा रक्तस्राव बरेचदा पहिल्यापेक्षा वाईट असतो. मी घेतलेली गोळी ॲस्पिरिनसारखी, रक्त पातळ ठेवणारी, म्हणजे नेमकी जी घ्यायची नाही ती. रक्ताने आतला निचरा तुंबला आणि डोळ्याचं प्रेशर वाढलं. दोन उशा डोक्याखाली, सरळ झोप, मोबाईल बंद, खाली वाकायचं नाही, असे दहा दिवस.

आता बॉल तसा मोठा असतो, डोळ्याभोवतीची हाडं त्याला थोडं अडवतात. छोटी गोळी किंवा छर्रा सरळ खोबणीतच बसतो. मग डोळा फुटू शकतो, आतली लेन्स सरकते, डोळ्यामागचा पडदा (रेटिना) फाटतो, खोबणीचं खालचं हाड मोडतं आणि एकाचे दोन दिसायला लागतात. आत गेलेल्या वस्तूने इन्फेक्शन झालं तर डोळा काढायची पाळी येते. क्वचित असंही होतं की फुटलेल्या डोळ्यामुळे शरीराची प्रतिकारशक्ती बिथरते आणि दुसऱ्या, चांगल्या डोळ्यावर हल्ला करते, काही आठवड्यांनी नाहीतर महिन्यांनी. म्हणून "गेला तो डोळा गेला, दुसरा तर आहे" म्हणून फॉलोअप सोडू नका.

मग डोळ्याला लागल्यावर त्या क्षणी काय करायचं?

आधी काय नाही करायचं ते. चोळायचं नाही. दाबायचं नाही, रुमाल गच्च बांधायचा नाही. काही घुसलेलं दिसत असेल तर उपटायचं नाही. पाणी मारायचं नाही (अश्रुधूर गेला असेल तर धुवायचा, ते वेगळं, पण फुटलेल्या डोळ्यावर पाण्याचा फवारा नाही). गुलाबजल, मध, तूप, शेजारच्या काकूंचा ड्रॉप, काहीच नाही.

करायचं काय तर चहाचा कागदी कप घ्या, नसेल तर छोटी स्टीलची वाटी, ती डोळ्याच्या भोवतीच्या हाडावर टेकेल अशी ठेवा, डोळ्याला अजिबात लागू न देता, आणि वरून चिकटपट्टी. माझ्या पिशवीत दोन कप कायम असतात, लोकांना वाटतं चहा विकतो की काय. पेशंटला टेकवून बसवा, डोकं वर. खायला-प्यायला देऊ नका कारण ऑपरेशन लागलं तर भूल द्यावी लागेल. आणि थेट डोळ्याचा विभाग असलेल्या मोठ्या दवाखान्यात, चष्म्याच्या दुकानात नाही. फुटलेला डोळा शक्यतो २४ तासांच्या आत शिवायचा असतो.

छर्रे म्हणजे पेलेट गन, ती पण यातच येते का?

लोक एकाच खात्यात टाकतात पण ती जास्त वाईट. १२ बोअरच्या बंदुकीच्या एका काडतुसात शेकडो बारीक धातूचे छर्रे असतात, सुटले की पसरतात, त्यामुळे नेम धरायचा प्रश्नच येत नाही, जो समोर तो धनी. काश्मीरमध्ये २०१० पासून वापर सुरू झाला आणि २०१६ च्या उन्हाळ्यात श्रीनगरच्या श्री महाराजा हरिसिंह हॉस्पिटलात डोळ्यांत छर्रे गेलेले शेकडो लोक आले, त्यात घराच्या खिडकीत उभी असलेली पोरं-पोरी पण. त्यानंतर केंद्राने समिती नेमली आणि मिरचीच्या जातीचा पावा शेल हा पर्याय पुढे आला.

छर्रा अंगात राहिला तर काढायलाच पाहिजे का?

नेहमी नाही. मांसात खोल बसलेला असेल तर काढायला गेल्याने जास्त नुकसान होतं म्हणून डॉक्टर राहू देतात, ते काही टाळाटाळ करत नसतात. पण सांध्यात शिशाचा छर्रा असेल तर सांध्यातल्या पाण्यात शिसं विरघळत जातं आणि रक्तात उतरतं, तो काढतात. आणि आयुष्यभर एक लक्षात ठेवा, एमआरआयच्या आधी सांगायचं, कारण पोलादी तुकडा चुंबकाने आत हलू शकतो. रबर-प्लास्टिकचा तुकडा साध्या एक्सरेत नीट दिसेलच असं नाही, म्हणून "एक्सरे क्लिअर" म्हटलं तरी जखम महिनाभर वाहत असेल तर परत दाखवा.

छातीत-पोटात लागली, वरून काहीच नाही दिसत, घरी जाऊ?

नका जाऊ. बरगडी मोडली तर कळतं, श्वास घेताना सुई टोचल्यासारखं होतं. पण फुप्फुसाला आतून मुका मार असेल तर तो दुसऱ्या दिवशी वाढतो, संध्याकाळी ठीक असलेला माणूस सकाळी धापा टाकतो. पोटात लिव्हर, प्लीहा, आतडी. डाव्या बरगडीखाली मार लागून डावा खांदा दुखत असेल, खांद्याला काही न लागता, तर ते प्लीहा फाटून आत रक्त जमल्याचं लक्षण असू शकतं. लघवी लाल झाली तर किडनी. चक्कर, घाम, हातपाय गार, नाडी जोरात, यातलं काहीही दिसलं तर तिथूनच १०८.

मांडीवर लागली, फार दुखतंय, पण मांडीच तर आहे...

मांडीला आणि पोटरीला एक वेगळा धोका आहे. आत सूज येते पण स्नायूंवरचं आवरण ताणत नाही, त्यामुळे आतल्या आत दाब वाढतो आणि रक्तपुरवठा बंद पडतो. खूण एकच धरा, दुखणं मारापेक्षा जास्त वाटतं, वाढतच जातं, गोळीने थांबत नाही, बोटं हलवली की जीव जातो, मग मुंग्या. याला तासांचा हिशोब असतो, सहा तासांच्या वर गेलं की स्नायू मरायला लागतो. घट्ट क्रेप बँडेज बांधू नका.

खाली, म्हणजे पुरुषांच्या तिथे लागलं तर?

हे कोणी सगळ्यांसमोर विचारत नाही, बाजूला घेऊन हळूच विचारतात. पोटाच्या खालच्या भागावर नेम धरा म्हणतात तेव्हा हे ओघाने आलंच. सूज वाढत असेल, मळमळ असेल तर लाज गुंडाळून ठेवा आणि लगेच सोनोग्राफी. अंडकोष फाटला असेल तर लवकर ऑपरेशनने वाचतो, उशीर केला तर काढावा लागतो.

डोक्याला लागली पण शुद्धीवर आहे, बोलतोय.

कवटीच्या आत रक्त जमायला कधी कधी तास-दोन तास लागतात आणि मधल्या वेळात माणूस चांगला गप्पा मारतो, हेच फसवं असतं. उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी, एक बाहुली मोठी, कानातून-नाकातून पाणी, यातलं काही दिसलं तर सीटी स्कॅन. रक्त पातळ करायची गोळी चालू असलेले काका-काकू असतील तर लक्षणाची वाट पाहायचीच नाही. लहान मुलांचं पण तेच, त्यांची कवटी पातळ असते.

अश्रुधुराची नळकांडी तर नुसता धूर सोडते ना?

धूर सोडायच्या आधी ते धातूचं किंवा प्लास्टिकचं जड नळकांडं हवेतून उडत येतं. वर तिरपं मारलं तर ठीक, सरळ माणसांवर मारलं तर ती रबर बुलेटपेक्षाही वाईट वस्तू होते. बगदादमध्ये २०१९ ला आंदोलकांच्या कवटीत ४० मिलिमीटरची नळकांडी घुसून माणसं मेली. आणि पडलेलं नळकांडं हाताने उचलून परत फेकायची हिरोगिरी करू नका, ते जळत असतं.

आपल्या नागपुरात हे सगळं वापरतात का?

मार्च २०२५ मध्ये शहरातल्या महाल भागात दंगल झाली तेव्हा लाठीमार आणि अश्रुधूर झाला, संचारबंदी लागली, पोलिसही जखमी झाले. मला मात्र नागपूर म्हटलं की २३ नोव्हेंबर १९९४ आठवतं, गोवारींचा मोर्चा, ११४ माणसं, त्यात कितीतरी बाया आणि लेकरं, आणि ती चेंगराचेंगरीत गेली. झिरो माइलजवळ स्मारक आहे, आत्या तिथून जाताना हात जोडायची. हे इथे सांगायचं कारण की गर्दीवर काहीही मारलं की मारापेक्षा पळापळ मोठी होते. मोर्चात गेल्यावर आधी बाजूची गल्ली कुठे निघते ते बघून ठेवा, लेकरू कडेवर घ्या, पडलात तर गुडघे पोटाशी आणि हात डोक्यावर.

गॉगल घालून गेलं तर?

काचेचा चष्मा किंवा फॅशनचा गॉगल असेल तर फुटून तुकडेच आत जातात. फॅक्टरीत घालतात तो पॉलिकार्बोनेटचा सेफ्टी गॉगल बरा, छर्ऱ्यांना थोडं अडवतो, पण जवळून आलेल्या मोठ्या गोळीला नाही.

दवाखान्यात गेलो तर पोलिस केस होईल म्हणून घरचे नको म्हणतात.

एमएलसी (मेडिको-लीगल केस) होईल, म्हणजे दवाखाना पोलिसांना कळवेल, तो त्यांचा नियम आहे. पण तेवढ्याने तुम्ही आरोपी होत नाही. आणि आधी कागद मग उपचार असं कोणताच दवाखाना करू शकत नाही, सरकारी असो की खासगी, परमानंद कटारा केसमध्ये १९८९ लाच सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की आधी जीव वाचवा. टेकडी रोडवरून मेयो जवळ, नाहीतर मेडिकल, हे नागपुरातले दोन मोठे सरकारी दवाखाने, दोन्हीकडे डोळ्याचा विभाग आहे. डॉक्टरला खरं सांगा, "गाडीवरून पडलो" म्हणाल तर ते आत छर्रा शोधणारच नाहीत.

उलट एमएलसीचा कागदच पुढे कामी येतो. जखमेचे फोटो बाजूला स्केल किंवा नाणं ठेवून काढा, पहिल्या दिवशी आणि परत दोन-तीन दिवसांनी, कारण डाग नंतर जास्त उमटतो. अंगातून निघालेली वस्तू कचऱ्यात जाऊ देऊ नका, तिची नोंद करायला लावा. मानवी हक्क आयोगाकडे जायचं असेल तर घटनेपासून एक वर्षाची मुदत असते. एक डोळा गेला तरी अपंगत्वाच्या सर्टिफिकेटवर साधारण ३० टक्केच लागतात आणि बऱ्याच सवलती ४० च्या पुढे असतात, हे ऐकून लोक चिडतात आणि बरोबरच चिडतात.

घरी असताना दुखायला काय घेऊ?

नुसता मुका मार आहे आणि डॉक्टरने घरी पाठवलंय असं धरतो. पहिले दोन दिवस कापडात गुंडाळून बर्फ, पॅरासिटामॉल चालतं. शेक, मालिश, चोळायचा बाम नाही. जखम असेल तर हळद भरू नका, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या.

महिनाभराने सगळं ठीक आहे, आता तरी सुटलो ना?

शरीराचा मार गेला तरी फटाका वाजला की दचकणं, झोप न लागणं, त्या रस्त्यावरून जावंसं न वाटणं, हे बऱ्याच जणांना राहतं. महिना उलटून गेला तरी कमी नसेल तर मानसोपचार ओपीडीत दाखवा, तिथे जाणारे वेडे नसतात. आणि डोळ्याला मुका मार लागलेला असेल तर समोर काळे ठिपके, वीज चमकल्यासारखं, बाजूने पडदा ओढल्यासारखं, असं कधीही झालं तर त्याच दिवशी जा, डोळ्यामागचा पडदा (रेटिना) सुटत असू शकतो.

तुमचा डोळा आता कसा आहे?

दिसतं. उजेडात उजवी बाहुली डावीपेक्षा थोडी मोठी राहते, आधारच्या फोटोत कळते. मार लागल्यावर दहा-वीस वर्षांनी पण काचबिंदू होऊ शकतो म्हणून दरवर्षी प्रेशर मोजून घेतो, अधिवेशन सुरू व्हायच्या आधीच्या आठवड्यात, म्हणजे विसरत नाही. मागच्या वेळी १८ होतं, म्हणजे ठीक. पिशवीतले कप पण तेव्हाच बदलतो, जुने चेपलेले असतात.